बडोद्यातलं मेमरी क्लिनिक: डॉक्टरांना पाच स्टार, बाहेरच्या काउंटरला दोन

नाव लिहीत नाहीये, कारण तक्रार पण आहे आणि डॉक्टरांचा त्यात काही दोष नाही. सासूबाईंना घेऊन तीनदा जाऊन आलो. वय ७४, सगळं आयुष्य दांडिया बाजारात गेलं, आणि दिवाळीच्या आधी खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन निघाल्या त्या सुरसागर तलावाच्या काठावर बसलेल्या सापडल्या, म्हणे रस्ताच बदललाय.

आधी वाईट ते सांगून टाकते. अपॉइंटमेंट ११ ची, आत घेतलं साडेबाराला. पार्किंग नाहीच, मिस्टर ॲक्टिवावर फेऱ्या मारत राहिले. काउंटरवरच्या मुलीने भर वेटिंगमधे मोठ्याने विचारलं, "भूलवानी तकलीफ कोने छे?" सासूबाईंनी पदर सावरून मान खाली घातली, मला एवढा राग आला ना. टेस्ट पण गुजरातीत घेतली. त्या भाजीवाल्याशी गुजरातीत भांडतात अगदी झकास, पण शाळा मराठी, हिशोब मराठीत, शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर गडबडल्याच. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी स्वतः परत मराठीत घ्यायला लावली, मार्क चारने वाढले. घड्याळाचं चित्र काढायला सांगतात ते मात्र दोन्ही वेळा तसंच, सगळे आकडे एका बाजूला.

आता डॉक्टर. त्यांनी काय विसरतात हे नाही विचारलं, काय अजून नीट करतात ते विचारलं. मी म्हटलं पुरणपोळी, एक पण फाटत नाही, आरत्या सगळ्या पाठ, पण जेवून उठल्यावर पाच मिनिटांत विचारतात पानं घ्यायची का. वन्सं तर म्हणायच्या, आई सोयीचं तेवढं विसरते. खरं सांगायचं तर मला पण कधीकधी तसंच वाटायचं.

त्यावर त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर मांडवी काढली, जुन्या शहराच्या मधोमधची, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, चारी दरवाज्यांचे रस्ते मधे येऊन मिळतात तसं. मेंदूत कानाच्या बाजूला आत खोलवर एन्टोरायनल कॉर्टेक्स म्हणून भाग आहे, मेंदूभरातून जे येतं ते तिथून हिप्पोकॅम्पसकडे जातं आणि नवी आठवण तिथे बनते. अल्झायमरचं खोदकाम नेमकं या मांडवीतच आधी सुरू होतं (कॉर्पोरेशनचं पण तसंच असतं म्हणा). तिथल्या पेशींच्या तारा लांबवर पसरलेल्या, जोडण्या सारख्या बदलत असतात, त्यामुळे ऊर्जा खूप लागते आणि झीज पण. टाऊ नावाचं प्रोटीन एरवी पेशीच्या आतल्या रुळांना धरून ठेवतं, ते सुटतं, त्याचा गुंता होतो आणि तो जोडण्यांवरूनच पुढच्या भागात जातो. जर्मनीतल्या ब्राक दांपत्याने १९९१ मधे याच्या सहा पायऱ्या मांडल्या, सुरुवात एन्टोरायनलच्या आसपास, मग हिप्पोकॅम्पस आणि शेजार, मग बाकीचा मेंदू. अमायलॉइड म्हणून अल्झायमरमधे साचणारं दुसरं प्रोटीन, त्याचं मी वाचलं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाले ते आधी वेगळीकडेच, मेंदूच्या बाहेरच्या थरात साचायला लागतं, पण विसरणं टाऊच्या मागोमाग जातं.

आणि सुरसागर? वाट ओळखणाऱ्या ग्रिड पेशी याच एन्टोरायनलमधे सापडल्यात, त्याला २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे रस्ता बदलला नव्हता, आतला नकाशा गेला होता.

पोळीचं कारण ऐकून तर मी गप्पच बसले. हात हलवायचे, बघायचे जे मूळ भाग आहेत त्यांच्या तारांवरचं इन्सुलेशन लहानपणी लवकर तयार होतं, ते भाग अगदी शेवटी लागतात, छोटा मेंदू तर बराचसा वाचतो. उशिरा पक्के होणारे भाग आधी जातात, जवळजवळ उलट्या क्रमाने. लाटणं हे हातांच्या सवयीचं, जेवण झालं की नाही हे हिप्पोकॅम्पसचं, एकाच बाईत दोन्ही एकदम असू शकतं, नाटक नाही.

एमआरआय, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड सगळं करून घेतलं. गोळी डोनेपेझिलची दिली आणि स्पष्ट सांगितलं की याने बरं होत नाही, अॅसिटिलकोलिन हे पेशींमधे निरोप नेणारं रसायन तुटायचं कमी होतं म्हणून थोडे दिवस जरा बरं चालतं. हे असं तोंडावर सांगणारे डॉक्टर कमीच. फी जास्त वाटली होती, पण पंचवीस मिनिटं कोण देतं हो आजकाल.

तिसऱ्या वेळी वन्सं पण आल्या, तो मांडवीचा कागद त्यांनीच घडी करून पर्समधे ठेवला.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, टेस्टच्या आधीच मराठीत घ्या म्हणून सांगा, आणि नाव काउंटरवर लिहून द्या, बोलून नको. सोबत डबा न्या, जवळपास धड चहा पण मिळत नाही.