जुनं फॅक्स सॉफ्टवेअर, नवा मोडेम: सेटिंग बदलायचं, मोडेम की सॉफ्टवेअर?

नंबर लागतो, पलीकडून शिट्टी ऐकू येते आणि पहिलं पान सुटायच्या आतच फोन कट होतो. अशा वेळी बरेच जण थेट दुसरा मोडेम विकत घेतात. माझं सांगणं असं, की पैसे घालण्याआधी हातातल्या मोडेमला काय येतं ते त्यालाच विचारा.

फॅक्स सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर पोर्ट अडकलेला राहील. पुट्टीसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडून मोडेमचा कॉम पोर्ट निवडा आणि रोमन अक्षरांत एटी+एफक्लास=? टाइप करून एंटर मारा. उत्तरात मोडेमला येणाऱ्या क्लासची, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोडेमने काम वाटून घेण्याच्या पद्धतींची, 0,1 किंवा 0,1,2,2.0 अशी यादी येते. 0 म्हणजे साधा डेटा. क्लास 1 मध्ये पलीकडच्या मशीनशी टी.30 ची (दोन फॅक्स मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं, त्याचे ठरलेले नियम) सगळी बोलणी कॉम्प्युटर करतो. 2 आणि 2.0 मध्ये ती मोडेम करतो. क्लास 2 हा मानक पक्कं होण्याआधीच्या मसुद्यावरून बाजारात आला, त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी तो आपापल्या पद्धतीने बसवला. 2.0 नंतर पक्का झाला, पण तो 2 शी जुळत नाही. सॉफ्टवेअर क्लास 2 वर अडून बसलंय आणि मोडेम फक्त 0,1 सांगतोय, असं दिसलं की दुखणं सापडलं.

अशा वेळी सेटिंग बदलणं हा पहिला उपाय, आणि फुकटचा. सॉफ्टवेअरमध्ये मोडेमचा प्रकार हाताने क्लास 1 करा. यूएसबी मोडेमला विंडोज कधीकधी कॉम 7, कॉम 12 असा पोर्ट देतं, आणि कितीतरी जुन्या प्रोग्रामना चारच्या पुढचं दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो 1 ते 4 मधल्या रिकाम्या क्रमांकावर आणा. जुन्या मोडेमसाठी लिहिलेली इनिट स्ट्रिंग, म्हणजे सुरुवातीला मोडेमला पाठवायची आज्ञा, काढून नुसतं एटी&एफ (मूळ फॅक्टरी सेटिंगवर आणणारी आज्ञा) ठेवून बघा. पान अर्ध्यावर तुटत असेल तर फ्लो कंट्रोल, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोडेमने एकमेकांना 'थांब', 'पाठव' सांगण्याची सेटिंग, तपासा. क्लास 2 वर पान आलं पण नुसता कचरा दिसला, तर बिटांचा क्रम उलटा झाल्याची शंका घ्यावी. तिथेही क्लास 1 वर जाणं सोपं.

अधूनमधून फॅक्स पाठवणाऱ्याचं काम बहुधा एवढ्यावर भागतं. दिवसरात्र फॅक्स घ्यायचे असतील तर मात्र मी मोडेम बदलण्याच्या बाजूने आहे. स्वस्त सॉफ्टमोडेमचं बरंचसं काम कॉम्प्युटरचा प्रोसेसर करतो. टी.30 मध्ये काही सिग्नलांच्या मधली शांतता 75 मिलिसेकंदांच्या आसपास असावी लागते. मशीन दुसऱ्या कामात गुंतलं की ही वेळ चुकते आणि कॉल पडतो. स्वतःचा कंट्रोलर असलेला बाहेरचा सीरियल मोडेम 2 किंवा 2.0 वर चालवला, की वेळेचा हा भार कॉम्प्युटरवरून उतरतो. कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर लागेल. तो डेटा थोडा थोडा साठवून पुढे देतो, म्हणून त्याच्यासोबत क्लास 1 टाळलेलाच बरा. आणि लाइन इंटरनेट फोनची असेल तर मोडेम बदलण्याआधी वेग 9600 बिट प्रति सेकंदावर आणून बघा, अडॅप्टरमध्ये टी.38 (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची ठरलेली पद्धत) आहे का तेही पाहा.

सॉफ्टवेअर बदलण्याला पर्याय उरत नाही तो एका ठिकाणी: प्रोग्राम 16 बिटांचा आणि विंडोज 64 बिटांचं. तिथे तो चालतच नाही, मोडेम कोणताही आणा. एका मशीनपुरतं काम असेल तर विंडोजचं फॅक्स अँड स्कॅन पुरतं. अनेकांनी एकच लाइन वापरायची असेल आणि लिनक्सची सवय असेल तर हायलाफॅक्स हे फॅक्स सर्व्हर सॉफ्टवेअर कितीतरी सरस. नुकसान होतं ते जुन्या साठ्याचं. काही जुने प्रोग्राम आलेले फॅक्स स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये ठेवतात, आणि नवं सॉफ्टवेअर त्या फाइल उघडत नाही. म्हणून जुना प्रोग्राम चालतोय तोवर त्यातूनच सगळे फॅक्स टिफ या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये आणि फोनबुक टेक्स्ट फाइलमध्ये काढून घ्या. त्यातल्या चारदोन फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच जुना प्रोग्राम अनइन्स्टॉल करा.