वजन घटवणाऱ्या गटात काही महिने काढल्यावर: पैसे कशाचे मोजतो आपण?

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहते. जीपीच्या (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या) शिफारशीमुळे पहिले 12 आठवडे मोफत मिळाले, पुढे पदरचे पैसे भरून चालू ठेवलं. एक स्टोनच्या (सुमारे 6.35 किलोच्या) आसपास वजन उतरलंय. (दक्षिण आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची सीमा इथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 30 ऐवजी 27.5 धरतात. तेव्हा "मी कुठे एवढी जाड?" म्हणून गप्प बसू नका, जीपीला विचारा.)

आमचा गट चर्चच्या हॉलमध्ये भरतो. बूट काढून काट्यावर उभं राहायचं. आकडा आपल्याला आणि नोंद करणाऱ्या बाईंनाच कळतो. मग सगळे गोलात बसतात आणि एकेकाचा आठवडा कसा गेला ते बोलणं होतं. गट चालवणाऱ्या बाईंनी स्वतः याच पद्धतीने वजन उतरवलंय, त्यामुळे त्या उपदेश करत नाहीत, प्रश्न विचारतात. एकीचं लग्नघरात राहून वजन वाढलं होतं. कुणी नाक मुरडलं नाही. शेजारच्या निवृत्त बसचालकाने आपला नेम सांगितला: ताट एकदाच वाढून घ्यायचं आणि टेबलापासून लांब जाऊन बसायचं. तो मी लगेच उचलला.

आहाराचा तक्ता कुठेही फुकट मिळतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जीन निडेच यांच्याकडेही सरकारी दवाखान्याचा तक्ता होताच, पण तेवढ्याने निभेना. म्हणून 1961 मध्ये त्यांनी मैत्रिणींना घरी जमवलं आणि त्यातूनच 1963 मध्ये असे गट चालवणारी वेट वॉचर्स कंपनी उभी राहिली. माझ्या मते आजही पैसे वसूल होतात ते गटातल्या माणसांमुळे.

आणि गटात टिकून राहिलं तर. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1,267 लोकांवरची ब्रिटिश चाचणी आली. वर्षअखेर सरासरी घट अशी: नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांची 3.26 किलो, 12 आठवडे वेट वॉचर्सच्या गटात गेलेल्यांची 4.75 आणि वर्षभर गेलेल्यांची 6.76. दोन वर्षांनी वर्षभरवाल्यांचीही घट 4.29 वर आली, म्हणजे थोडं वजन परत चढतंच. या चाचणीच्या खर्चात वेट वॉचर्सचा वाटा होता, हेही लक्षात ठेवा.

आता तक्रारी. आमच्या गटाच्या खाण्याच्या पदार्थांच्या यादीत थालीपीठ नाही, साबुदाण्याची खिचडी नाही. सगळं जिन्नस-जिन्नस मोजून लिहावं लागतं. त्यात फायदा एवढाच झाला की फोडणीचं तेल आणि दाण्याचं कूट आता चमच्यानेच पडतं. चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल पुरतं. दुसरं, भारतात गेले तेव्हा चुकलेल्या आठवड्यांचीही फी लागली, ते मला अजिबात पटलं नाही. आणि वजन झाल्या झाल्या समोर गटवाल्यांचे विकायचे चॉकलेट बार मांडलेले असतात. ते घेऊ नका, महाग आहेत आणि पोटही भरत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, खाणं कमी झालं की डोस बदलावा लागू शकतो. बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी एकदा गटात जाऊन बसा. गट चालवणाऱ्या बाई पटल्या नाहीत तर दुसऱ्या वारचा गट बघा.