सांगली गावभागात जुन्या घराचं वायरिंग करून घेतलं, काम एक नंबर
आमचं घर जुनं, लाकडी पट्टीवर ठोकलेलं वायरिंग, वायरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडायचं, त्यात २०१९ च्या महापुरात खालचे बोर्ड पाण्यात गेलेले. गिझर लावला की फ्यूज जायचा. आधी आलेल्या एकानं किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खाचेत) जाड तार घालून दिली, असलं काम कुणी करून घेऊ नका, फ्यूज जात नाही मग वायरच तापते आणि आग लागते.

हे वायरमनदादा वेगळे. आल्या आल्या तोडफोड नाही, आधी मेन बंद करून एकेक लाईन मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासली आणि दाखवलं की घरात अर्थिंगच (गळणारा करंट जमिनीत नेणारी जोडणी) नाहीये, तीन पिनांचे सॉकेट नुसते नावाला. मग परसात नवीन अर्थिंग, लाईटला दीड, प्लगला अडीच, गिझरला चार स्क्वेअर एमएम वायर, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवते पण करंट अंगातून जायला लागला की लाईन तोडते ती आरसीसीबी, हे आईलापण नीट समजावून सांगितलं. मातीच्या भिंती फोडल्या नाहीत, वरूनच वायर झाकायची केसिंग पट्टी मारली.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे खालचे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घेतले आणि त्या मजल्याची लाईन वेगळी केली, आता पाणी आलं तर खालचं बंद करून वर लाईट चालू ठेवता येईल. रेट जरा जास्त आहे, फोनपण लवकर उचलत नाहीत, पण जुनं घर असेल तर यांनाच बोलवा.