वीस तोळे भस्म

गेल्या पावसाळ्यात मी मूळव्याधीवर ३१,४०० रुपयांची पूड विकत घेतली. कोणी गळ्याला सुरी लावली नव्हती, एटीएमपर्यंत माझ्याच पायांनी चालत गेलो. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले.

वय ४७, वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला नोकरी. दिवसभर खुर्ची आणि येता-जाता घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून स्कूटर. शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडायचे, दुखायचं मात्र नाही. घरी बोललो नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ती जागा दाखवायची, हा विचारच नकोसा वाटे. मग ठाणे स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये गर्दी ओसरेपर्यंत उभं राहायचं आणि हळू आवाजात ट्यूब मागायची.

तिथेच एकाने मागून हाक मारली. "दादा, राग मानू नका, पण ट्यूबने हे जात नाही. आमच्या वडिलांचं बारा वर्षांचं दुखणं दीड महिन्यात गेलं." पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. खरं सांगतो, मी त्या मेथीवर विश्वास ठेवला. त्याने पैशाचा विषय काढला नाही, पत्ताही मीच विचारला. "मी तिकडेच चाललोय," म्हणाला.

गल्लीतलं दुकान, बरण्यांच्या रांगा, भिंतीवर धन्वंतरीची तसबीर. आतल्या वैद्याने नाडी धरली, जीभ बघितली आणि "मूळव्याध, उष्णता" म्हणून मोकळा झाला. बाकी काही तपासलं नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. चिठ्ठीवर नागकेशर, सुरणाची पूड, हरडा, सोनामुखी आणि शेवटी एक भस्म, त्यापुढे "२० तो." भाव विचारला. "चार वस्तूंचे मिळून चौदाशे, भस्म दीडशे." मी मनात १,५५० धरले.

पोऱ्याने सगळं एकत्र कुटलं, चाळलं, पुड्या बांधल्या. बिल आलं ते त्यानंतर. दीडशे रुपये एका ग्रॅमचे होते! वीस तोळे म्हणजे २०० ग्रॅम, त्याचे ३०,०००. नको म्हटलं तर आवाज चढला: "तुमच्या प्रकृतीचं मिसळलंय, आता दुसऱ्या कोणाला विकू?" दारात दोघे येऊन उभे राहिले. मेथीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "दादा, तब्येतीपुढे पैसा काय?" आणि सोबतीला एटीएमपर्यंत आला. १०,००० रोख दिले, उरलेले मोबाइलवरून एका खासगी नावावर गेले. कच्च्या पावतीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं.

आता खरी गंमत. आठ दिवसांत रक्त थांबलं. मी खूश, वैद्याला मनातल्या मनात हात जोडले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त, आणि एके संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. हिमोग्लोबिन ८.४. तेव्हा कुठे बायकोला सांगितलं. तिने पुड्या पाहिल्या आणि एवढंच म्हणाली, "अहो, तोळ्यावर सोनं घेतात."

कळव्याच्या महापालिका रुग्णालयातल्या सर्जन बाईंनी चिठ्ठी वाचली. सोनामुखी जुलाबाची. पोट सैल झालं, कुंथणं थांबलं, म्हणून रक्त थांबलं. तसंही मूळव्याधीचं रक्त मधूनमधून आपोआप थांबतं, त्या वेळी जे घेत असू त्याला श्रेय मिळतं. भस्मात कोणता धातू आहे कोणास ठाऊक, म्हणून ते ताबडतोब बंद करून रक्त तपासायला लावलं. ज्या तपासणीला मी वर्षभर घाबरत होतो ती पाच मिनिटांत झाली. दुसऱ्या पायरीची मूळव्याध, म्हणजे कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. बोटाने ढकलावा लागला तर तिसरी, आत जातच नसेल तर चौथी. आतल्या कोंबाला वेदना कळत नाही, म्हणून मला दुखत नव्हतं. शौचाला चिरल्यासारखं दुखतं ते बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, त्याचं औषध वेगळं. माझ्या कोंबांच्या मुळाशी रबर बँड लावले, कोंब काही दिवसांत सुकून गळून पडले. शिवाय रक्त दुसरीकडून येत नाही ना, हे पाहायला माझ्या वयात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लागते म्हणाल्या. ती सुदैवाने साफ निघाली. हे भस्म खात वर्ष काढलं असतं आणि तिथे गाठ असती तर? हा विचार अजून पाठ सोडत नाही. पुढचं रोजचं औषध म्हणजे भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, पालेभाज्या, आणि संडासात मोबाइल न्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आमच्या सोसायटीतले आयुर्वेदाचे डॉक्टर माझ्याहून जास्त चिडले. सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, भेषज (औषध), क्षार, अग्नी (डाग देणं) आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेत, म्हणाले, पण आधी रुग्णाला नीट तपासायचं; भाजीच्या पिशवीतून गिऱ्हाईक आणणं हा पाचवा उपाय त्यात नाही.

पोलीस चौकीत गेलो. "नक्की कसला आजार?" हवालदाराने जरा मोठ्यानेच विचारलं, बाकावरची माणसं वळून बघायला लागली आणि मी अर्धवट सांगून परतलो. नंतर त्या गल्लीत गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली.

गेल्या महिन्यात त्याच मेडिकलसमोर तो पुन्हा दिसला. पिशवीत या वेळी पालक. एका तरुणाच्या कानाशी लागून "दादा, राग मानू नका" चाललं होतं. मी भर रस्त्यात ओरडलो, "अहो, मलाही मूळव्याध आहे! याने मला ३१ हजारांना बुडवलंय!" पालकवाला गर्दीत दिसेनासा झाला. तरुण माझ्याकडे असा बघत राहिला जणू लबाड मीच, आणि ट्यूब खिशात कोंबून झपाझप निघून गेला.