खाऱ्या टाकीतले आगंतुक: होळी ते दिवाळी वापरलेल्या साधनांचा अनुभव

आधी निकाल सांगतो. समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत न बोलावता आलेले जीव ओळखायला आणि काढायला मी जे जे वापरलं, त्यात सगळ्यात कामाचा निघाला साधा टॉर्च, तोंडाला रबरबँडनं लाल जिलेटीन पेपर बांधलेला. सगळ्यात महाग पडलेला अ‍ॅक्रिलिकचा सापळा माळ्यावर आहे.

टाकी 200 लिटरची, धरमपेठेत आमच्या हॉलमध्ये. समुद्रापासून इतक्या लांब नागपुरात किडे येतात कुठून, असं सगळे विचारतात. दगडातून येतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणून समुद्रातून उचललेल्या, बहुधा प्रवाळाच्याच असलेल्या दगडाच्या भानगडीत न पडता मी कोरडा दगड रचला. फक्त टाकी लवकर मुरावी, म्हणजे तिच्यात उपयोगी जीवाणू जमावेत, म्हणून एका मित्राच्या जुन्या टाकीतले दोन-तीन दगड आणले. पाहुणे आले ते त्यांच्या भोकांतून.

लाल उजेड यासाठी की यातल्या बऱ्याच जीवांना लाल रंग नीट दिसत नाही. पांढरा टॉर्च मारला की सगळे सुळकन आत. दिवे मालवून तासाभरानं लाल टॉर्च धरला, तर एक किडा दगडातून अर्धा बाहेर येऊन मासोळ्यांनी टाकलेला कोळंबीचा तुकडा आत ओढत होता. अंग गुलाबी-नारंगी, दोन्ही कडांना पांढऱ्या बारीक केसांचे झुपके. आईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय गोम पाळून ठेवली रे बाप्पा!"

हा ब्रिसल वर्म. उष्टं-खरकटं खातो, म्हणजे आपलंच काम करतो. काढून टाकायचा तो त्याचा भाऊबंद फायरवर्म: त्याच्या झुपक्यांशी लालभडक कल्ल्यांचे गुच्छ असतात, डोक्यावर सुरकुतलेला उंचवटा असतो आणि तो प्रवाळ खातो. मोबाईलला लावायच्या मॅक्रो लेन्सचा पैसा इथं वसूल झाला. फोटो मोठा केला की दोघांतला फरक लगेच कळतो. केस मात्र दोघांचेही बोटात घुसून आग करतात. हातमोजे घाला, तरी लागलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. माशांचं खाणं कमी केल्यावर माझ्याकडचे ब्रिसल वर्म आपोआप घटले.

काचेवर तुरुतुरु पळणारे पांढरे ठिपके हे कोपेपॉड, म्हणजे माशांचा फुकटचा खाऊ. नखाएवढे, पाय लहानमोठे असलेले तारामासे अ‍ॅस्टरिना. शरीराचे तुकडे करून वाढतात म्हणून पाय सारखे नसतात. बहुतेक शेवाळच खातात. दोघांनाही हात लावला नाही.

खरा वैताग ऐप्टेशियाचा. काचेसारखं पारदर्शक तपकिरी समुद्रफूल, बोट नेलं की भोकात गडप. ओरबाडायचं अजिबात नाही, कारण तळाचा चुकार कपटा राहिला तरी त्यातून नवं उगवतं. यावर ऐप्टेशिया खाणारे पेपरमिंट श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, मागवले. मे महिन्यात पार्सल मागवायची हिंमत नव्हती, पाऊस पडेपर्यंत थांबलो. थर्मोकोलच्या डब्यात आले ते कॅमल श्रिंप! पाठीला कुबड, मोठे डोळे, लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके. हे ऐप्टेशियाला विचारत नाहीत, उलट मऊ प्रवाळ कुरतडतात. दुकानदार म्हणतो, "एकच असते भाऊ." एकच नसते! पेपरमिंटचं अंग जवळपास पारदर्शक, त्यावर लाल उभे पट्टे. पैसे भरायच्या आधी फोटो मागा. नंतर दुसरीकडून खरे मिळाले आणि लहान ऐप्टेशिया त्यांनी हळूहळू संपवले. मोठ्यांच्या वाटेला मात्र जात नाहीत.

मोठ्यांसाठी चुना, म्हणजे अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पंप बंद करायचे, दाट पेस्ट सुई नसलेल्या सिरिंजनं हलकेच थेट तोंडावर सोडायची, थोडा वेळ थांबून पंप सुरू. एका दिवशी चार-पाचच, नाहीतर पीएच भसकन वर जातो. पानठेल्यावरचा चुना चालेल का, असं मित्रानं विचारलं. त्यात आणखी काय मिसळलंय ते कोण सांगणार? मी वापरला नाही.

बाटलीचा सापळा घरीच केला: पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं, आत कोळंबीचा तुकडा, दोरी बांधून रात्री तळाशी आडवी ठेवली. केसाळ पायांचा, काळ्या टोकांच्या नांग्यांचा एक खेकडा यात सापडला; असा खेकडा दिसला तर काढलेलाच बरा. विकतच्या सापळ्याचं झाकण स्प्रिंगचं, मिठानं अडकायचं, आमिष गायब आणि आत कोणीच नाही.

रात्री टाकीतून 'टक्' असा आवाज यायचा. दगड बादलीवर धरून भोकात प्यायचा साधा सोडा पिचकारला की लपलेला प्राणी बाहेर पडतो. आत जोरदार फटका मारणारा शिकारी मँटिस श्रिंप असेल या भीतीनं मी चिमटा घेऊन बसलो होतो, निघाला पिस्टल श्रिंप, एक नांगी अंगाच्या मानानं भलतीच मोठी. तीच झटक्यात मिटली की बुडबुडा फुटून आवाज होतो. त्याला परत टाकीत सोडलं.

दगड आरओच्या गोड पाण्यात बुडवूनही पाहुणे बाहेर येतात, पण दगडातले उपयोगी जीवाणूही मरतात, म्हणून हे फक्त नव्या दगडाला. आपल्याकडे आणखी एक भानगड: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं, आणि आरओ गाळतो तेच पाणी. आधी 26 अंशांवर येऊ द्या. दिवसभर कूलर, पंखे चालू असले की टाकीतलं पाणी भराभर उडून क्षार वाढतात, म्हणून काही काढण्या-टाकण्याआधी घनता 1.025 वर आहे ना ते बघा. त्या महिन्यात मी कुठल्याही दगडाला हात लावत नाही.

टॉर्चला 5 पैकी 5, चुन्याला 4, खऱ्या पेपरमिंटला 4, बाटलीला 3. दगडाला चिकटून नळीत राहणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायींच्या नळ्यांची तोंडं सुपरग्लूच्या जेलनं बुजवायला आत्ताच घेतलंय, त्याला गुण द्यायला अजून वेळ आहे.