ऑपरेशन झालेल्यांनीही एकदा जावं असं क्लिनिक (इंदूर, पलासिया)

माझ्या बीआरसीए-१ जनुकात बिघाड आहे, त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून स्तन आणि अंडाशय-नळ्या आधीच काढून टाकायची, दोन्ही प्रतिबंधक ऑपरेशनं दुसऱ्या शहरात झाली. तिथे डिस्चार्जच्या वेळी ‘आता निर्धास्त राहा’ एवढंच सांगितलं होतं. म्हणून हा रिव्ह्यू सर्जनचा नाही, पलासियातल्या एका छोट्या जेनेटिक काउन्सेलिंग क्लिनिकचा आहे. ‘सगळं काढून झालं, आता तिथे कशाला पैसे घालायचे?’ असं घरातल्यांचं म्हणणं होतं. तरी गेले. आमचे हे आणि मावशीही सोबत आली; तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय.

काउन्सेलर वयाने लहान, पण घाई बिलकुल नाही. कागदावर आकडे मांडून दाखवले. बीआरसीए-१मध्ये बिघाड असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के. ऑपरेशनने धोका ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी होतो. ह्यांनी लगेच विचारलं, “म्हणजे दहा टक्के राहिला?” नाही. ७२चा दहावा हिस्सा, म्हणजे फार तर सातच्या आसपास, आणि तोही पुऱ्या जन्माचा हिशेब. माझी चाळिशी उलटलीय, त्यामुळे पुढचा वाटा आणखी कमी. हे गणित आम्हाला आधी कुणीच करून दाखवलं नव्हतं.

मग मावशीचा प्रश्न: सगळं काढलं तर राहतंच कसं? कातडीखाली, काखेकडे, निपल ठेवलं असेल तर त्याच्या मागे स्तनाचा थोडा भाग उरतो, तो शंभर टक्के काढता येत नाही. यावर मावशी म्हणाली, “श्रीखंडाचं पातेलं कितीही निपटलं तरी कडेला राहतंच, तसंच ना?” काउन्सेलर हिंदीभाषक, पण श्रीखंड इंदुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हसून म्हणाली, पुढच्या पेशंटला हेच सांगेन.

पोटाचं जरा वेगळं. अंडाशय आणि नळ्या गेल्या तरी पोटाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर क्वचित होऊ शकतो. असे बरेच कॅन्सर मुळात नळीच्या टोकाशी सुरू होतात, म्हणून तिने माझा जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट मागितला. नळ्यांचे बारीक काप करून तपासले होते का, त्यात कॅन्सरचं काही सुरुवातीचं सापडलं होतं का, हे तिने ओळ न् ओळ वाचलं. काही नव्हतं. सापडलं असतं तर उरलेला धोका जास्त धरावा लागतो. मी तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरले होते!

तिने उगाच तपासण्या लिहून दिल्या नाहीत, हे मला सगळ्यांत आवडलं. दोन्ही स्तन काढल्यावर नेहमीच्या मॅमोग्राफीची गरज नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी करून जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. वर्षातून एकदा छाती आणि काख डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्यायची, नवी गाठ दिसली किंवा पोट सतत फुगलेलं वाटलं तर थांबायचं नाही. अंडाशय लवकर गेल्यामुळे हाडांची डेक्सा तपासणी मात्र करायला सांगितली. मुलगी आणि मुलगा, दोघांनाही हे बिघडलेलं जनुक येण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. मुलाचं आम्ही धरलंच नव्हतं. तपासणी ते सज्ञान झाल्यावर, त्यांच्या मर्जीने.

आता तक्रारी. काउन्सेलर फक्त शनिवारी असते. वेळ साडेदहाची, नंबर लागला बारा वाजून गेल्यावर. मधल्या वेळात आम्ही छप्पनवर (इंदूरची खाऊगल्ली, छप्पन दुकान) चहा-पोहे करून आलो. फी सोळाशे, आमच्या पॉलिसीत बसली नाही. सगळं बोलणं हिंदीत, पण हातात मिळणारा कागद इंग्रजीत, तोही मावशीसारखीला न वाचता येण्याइतक्या बारीक अक्षरांत.

पाचातले चार तारे. जाताना मूळ जीन रिपोर्ट आणि ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, दोन्ही न्या, नाहीतर पुन्हा यायला सांगतात. पार्किंग नाही, गीता भवनावरून ई-रिक्षा करा.