हिरवळीखाली निघाला मल्चिंग पेपर

नाशिकात मखमलाबादच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना मातीचं वेगळं सांगायला नको. काळी, चिकट, मे महिन्यात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की फुगून वर. अशा जमिनीवर नीट तयारी न करता कृत्रिम हिरवळ अंथरली की काही पावसाळ्यांत जोड उकलतात, कडेचे खिळे सैल होऊन बाहेर येतात, मध्ये खळगे पडून पाणी तुंबतं. आमच्या अंगणात तेच झालं. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक झाली ती दुरुस्तीत. करणाऱ्याचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची पत्रकं गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत वाटली जातायत, म्हणून लिहितेय.

गंमत म्हणजे माणसाने निदान अगदी बरोबर केलं. कोपरा उचलून म्हणाला, "ताई, वरून चिकटवून काही उपयोग नाही. बेसच नव्याने करावा लागेल." चार इंच माती काढायची, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग खडी, धुम्मस मारून दाबायची, वर कचीचा, म्हणजे खडीच्या बारीक चुरीचा, थर, गटाराकडे थोडा उतार, आणि मग जुनीच हिरवळ नव्या जोडपट्टीने बसवायची. कापडामुळे खडी मातीत रुतत नाही, खडीमुळे पाणी खाली न थांबता निघून जातं. कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरने हेच सांगितलं असतं. कोटेशनमध्येही सगळं लिहून दिलं: ३०० चौरस फूट, ९० रुपये फूट, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३१,८६० रुपये. वीस हजार आधी, उरलेले काम झाल्यावर.

आम्ही पुण्याला लग्नाला गेलो होतो तेवढ्यात त्याने काम उरकलं. परत आलो तर अंगण देखणं! पाती विंचरून उभी केलेली, सिलिका वाळू भुरभुरलेली. उरलेले पैसे गेले.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाय टाकला की पचपच आवाज यायला लागला. दोन दिवसांनी कुजका वास. दिंडोरीहून भाऊ आला होता, तो टोमॅटोवाला. त्याने एका कडेची हिरवळ उलटली आणि हसायलाच लागला. "अगं ताई, हा तर आपला मल्चिंग पेपर!" शेतात वाफ्यांवर अंथरतात ते प्लॅस्टिक, वरून चंदेरी, खालून काळं, आणि तेही वापरलेलं. रोपांसाठी पाडलेली गोल भोकं तशीच, एका भोकात वाळकं मूळसुद्धा अडकलेलं. त्याच्या वर बोटभर कच, खाली थेट चिखल. खडीचा एक दाणा नाही. पाणी जायला वाट होती ती फक्त त्या भोकांतून, आणि तिथेही खाली काळी मातीच.

खरं जिओटेक्स्टाइल जाड नमद्यासारखं दिसतं आणि पाणी आरपार सोडतं. नमुन्याच्या तुकड्यावर तांब्याभर पाणी ओतलं की कळतं. प्लॅस्टिक असेल तर पाणी वर उभं राहतं.

आता हिशोब, कारण माझ्या मते चोरी इथेच पकडता येते. ३०० चौरस फुटांवर चार इंच म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. एक ब्रास खडी चार टनांच्या आसपास भरते. शेजारच्या काकूंनी दारात फक्त एकदा छोटा हत्ती उभा पाहिला, त्यात गोण्या होत्या. छोटा हत्ती एका खेपेत जेमतेम टनभर माल आणतो. आणि खणलेली माती? तीही एक ब्रासच, उलट मोकळी झाल्यावर जास्तच. ती कोणी गेटबाहेर जाताना पाहिली नाही, कारण ती खणलीच नव्हती. मालाची गाडी आत किती आली यापेक्षा माती बाहेर किती गेली ते बघा. खडीची पावती बनवता येते, मातीचा ढीग लपवता येत नाही.

जोडांची तीच कथा. एका जागी पट्टा उलटा बसवलाय, पाती पलीकडे झुकलेली, त्यामुळे उन्हात तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. जुना गोंद खरवडलाच नव्हता, त्यावरच नवा फासलेला.

फोन केला तर म्हणे, "ताई, काळ्या मातीला गॅरंटी नसते." मग पाच वर्षांच्या गॅरंटीचा कागद? तो नीट वाचला तर गॅरंटी पात्यांचा रंग न उडण्याची, बसवण्याची नाही. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर चौदाच अक्षरं. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. थोडक्यात, ४,८६० रुपये कर म्हणून त्याच्याच खिशात गेले. बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे रसवंती!

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली, त्यांनी मराठीत ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, उलटलेल्या हिरवळीचे फोटो आणि भोकांसकट मल्चिंग पेपरचा तुकडा धुऊन, वाळवून फाइलला लावलाय.

हिरवळ सध्या गुंडाळून गच्चीवर आहे. भर पावसात काम करून देतो म्हणणारे फोन येतातच. ओल्या काळ्या मातीवर धुम्मस बसत नाही, हिरवळीच्या ओल्या पाठीवर गोंद धरत नाही, म्हणून त्यांना दिवाळीनंतर या म्हटलंय, आणि माती टाकायची जागा आधी ठरवून या.